नांदुऱ्याला बर्फ नेताना

आमच्या घराची मागची भिंत आणि बर्फाच्या कारखान्याची भिंत एकच. माझं सगळं लहानपण त्या भिंतीतून येणाऱ्या घरघरीत गेलं. कॉम्प्रेसर चालू असला की फळीवरचे पेले बारीक थरथरायचे. पण सवय अशी की ती घरघर आम्हाला ऐकूच यायची नाही. ऐकू यायचं ते तिचं थांबणं. लाइट गेली, मशीन बंद पडलं, की दुपारच्या झोपेतून आम्ही सगळे एकदम जागे व्हायचो, कोणी नाव घेऊन हाक मारल्यासारखे.

बाबा त्या कारखान्यात लाद्या काढायचे. अजूनही काढतात. जमिनीत मोठा हौद, त्यात मिठाचं पाणी, बर्फाहून गार पण स्वतः न गोठणारं. त्या पाण्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे उभे सोडलेले असतात, वरून लाकडी फळ्या. फळी उचलली की खालून धुकं वर येतं. त्या धुक्यात बाबा आणि त्यांचे जोडीदार चाचा कमरेपर्यंत नाहीसे व्हायचे. नुसती दोन धडं तरंगत तरंगत बोलत असायची.

"पकड ना बे नीट, झोपला का?"

"मैं तो सपने में भी डिब्बा उठाता हूं. तू अपनी देख."

चाचा आमच्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहतात. बाबा वऱ्हाडीत विचारणार, चाचा हिंदीत उत्तर देणार, आणि भांडण रंगलं की दोघं भाषांची अदलाबदल करणार. डबा वर आला की तो साध्या पाण्यात बुडवायचा, लादी सुटली की आकड्याने ओढत बाहेर. पुढे हातगाडीवर भुसा, भुशावर लादी, वरून पुन्हा भुसा आणि बारदाना. रसवंतीवाले, लस्सीवाले, लग्नाचे आचारी, सगळ्यांची घाई. आणि कधीकधी एखादा माणूस हळू आवाजात लादी मागायचा. मग बाबा काही विचारायचे नाहीत. घरात कोणी गेलेलं असायचं आणि मुलगा सुरतेहून नाही तर पुण्याहून यायचा असायचा. ती लादी सगळ्यांच्या आधी निघायची.

हातगाडीवाला परत आला की बाबा एकच शब्द विचारायचे, "पोचला?" बर्फाला ते नेहमी 'माल' म्हणायचे. "बर्फ ठेवाचा माल नाही," ते म्हणायचे, "पोचवाचा माल आहे."

हिवाळ्यातली दुरुस्ती संपून कारखाना पुन्हा सुरू झाला की पहिली लादी विकायची नाही, अशी आमच्याकडे रीत होती. ती लादी कारखान्याच्या पायरीवर फोडायची आणि गल्लीतल्या पोरांच्या हातात एकेक तुकडा ठेवायचा. खायचा नाही. मुठीत धरायचा आणि गप्प राहायचं, तो संपेपर्यंत. जो बोलला, ओरडला किंवा ज्याने मूठ उघडली तो गेला. विहाराच्या पायऱ्यांपासून चाचांच्या दारापर्यंत पोरं ओळीने बसलेली, सगळ्यांच्या मुठींतून पाणी ठिबकतंय, आणि एवढ्या गल्लीत चकार शब्द नाही. मला ते फार आवडायचं. आधी हात जळायचा, मग दुखायचा, मग हात आपला आहे हेच विसरायला व्हायचं. शेवटी मूठ उघडली की आत काहीच नसायचं, नुसता लाल तळवा. मी बहुतेक वेळा जिंकायचे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते, त्यात लाज कसली. खामगावला बी.एस्सी., अमरावतीला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. बाबा शिफ्ट संपवून, गमबूट काढून, माझ्या टेबलाशी नुसते येऊन उभे राहायचे. गल्लीत त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "माह्या पोरीच्या हाताले म्या बर्फ लागू देणार नाही."

आणि मला नोकरी लागली ती हिमनद्या मोजण्याच्या कामावर.

मी ते घरी सांगितलं तेव्हा चाचा आमच्याच ओट्यावर चहा पीत होते. ते इतके हसले की चहा बशीत सांडला. "लो. बाप ने बर्फ खींचा, बेटी भी बर्फ खींचेगी. मंग शिकून काय फायदा झाला वं बाई?" आई म्हणाली, "सरकारी पगार आहे ना, बस." मी म्हणाले, ओढायचा नाही, मोजायचा आहे, हे विज्ञान आहे. बाबा काहीच बोलले नाहीत. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. पहिला पगार झाला, मी दोन वेळा डोंगरात जाऊन आले, तरी त्यांनी माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. जेवलीस का, गाडी वेळेवर होती का, एवढंच. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या वेळी मी निघाले तेव्हा पावसाळा सरत आला होता. बाबा दारात गमबूट चढवत होते. माझ्याकडे न बघता, बुटात पाय घालता घालता ते म्हणाले, "थितला बर्फ कसा असते वं?"

एवढी शिकलेली मी, परीक्षेत यावर पानंच्या पानं लिहिलेली. मी म्हणाले, "वेगळा असतो." ते "हं" म्हणाले आणि कामावर गेले.

तेव्हाच मी ठरवलं. सांगायचं नाही, आणून हातात ठेवायचा.

हे मी फक्त चाचांना सांगितलं. ते हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी सागाचा भुसा चाळून, उन्हात वाळवून, पिशवीत भरून दिला आणि वर बारदान्याचा एक स्वच्छ तुकडा. "इसमें लपेट. अपना भुसा है, धोका नहीं देगा. अन् त्याले सांगू नको."

म्हणून माझ्या सामानात, त्या सगळ्या महागड्या जॅकेटांच्या आणि दोरांच्या मध्ये, नांदुऱ्याचा भुसा होता.

*

हिमनदी म्हटली की लोकांना वाटतं पांढरंशुभ्र काहीतरी. आमची खालून तरी दगडांचा ढीग वाटते. एखाद्या धरणाचं काम अर्धवट सोडून गेलेत तसे दगड, माती, चिखल. त्या दगडांखाली बर्फ आहे हे पायाखाली पाणी वाजलं की कळतं. वर चढत गेलं की दगड विरळ होतात आणि मग ती उघडी पडते, मळकी निळी, पसरट, सुरकुतलेली.

त्या दिवशी आम्ही तिघं होतो. आमच्या प्रमुख मॅडम, पुण्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, चालताना कधीच न बोलणाऱ्या. दुसरे भाईजी, तिथलेच, लाहौलचे. वाट त्यांची, दोर त्यांचा, स्वयंपाकही त्यांचा. आणि मी. उजाडता उजाडता निघालो, कारण ऊन चढलं की बर्फावरचे ओहोळ फुगतात आणि सकाळी ओलांडलेलं पाणी दुपारी ओलांडू देत नाही.

काम सांगायला सोपं आहे. बर्फात बांबू खोल गाडून ठेवलेले असतात. बर्फ वितळून खाली बसतो तसा बांबू जास्त जास्त उघडा पडतो. आपण जायचं आणि किती उघडा पडला ते टेपने मोजायचं. बस. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुंटी ठोकावी, माती वाहून जावी आणि खुंटी उंच दिसायला लागावी, तसंच. मी हे काम आईला असंच सांगितलं होतं आणि ती म्हणाली होती, "एवढ्यासाठी इतक्या दूर जातेस, माय?"

पहिला बांबू, दुसरा बांबू. मी टेप धरायची, मॅडम वाचायच्या, मी लिहायची. बुटांना लावलेले लोखंडी काटे बर्फात कुरकुरत होते. ऊन वर आलं तशी हिमनदी बोलायला लागली. आधी एकेक थेंब, मग बारीक धारा, मग ठिकठिकाणी ओहोळ, काचेच्या पन्हळीतून धावल्यासारखे. मध्येच कुठे मनगटाएवढी गोल भोकं, वरून काठोकाठ स्वच्छ पाणी. मी एका भोकाशी वाकून बघितलं. तळाशी काळी माती बसली होती, मऊ, चिकट, आमच्याकडच्या कपाशीच्या शेतासारखी काळी. ही काळी धूळ ऊन पिते, तापते आणि आपल्याखालचा बर्फ वितळवत स्वतः खाली खाली उतरत जाते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी हातमोजा काढून बोट बुडवलं आणि त्या मातीचा वास घेतला. वास काहीच नव्हता. मला का कोण जाणे, जरा चुकल्यासारखं झालं.

"काय करतेयस?" मॅडमनी विचारलं.

"मले वाटलं..." मी म्हणाले आणि थांबले.

मॅडम हसल्या. "'मले'. किती गोड वाटतं गं ते."

"गोड नाही मॅडम," मी म्हणाले, "तसंच आहे ते."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या. आणि पुढे दिवसभर मी 'मले' म्हणाले तरी त्या हसल्या नाहीत.

वरचा, शेवटचा बांबू बराच दूर होता. तिथे बांबू मोजायचा आणि जवळच गिरमिटाने बर्फाची कांडी काढायची, म्हणजे प्रयोगशाळेत नेता येईल, असं ठरलं होतं. माझं लक्ष त्या कांडीवर होतं. कांडीचा जो भाग तुटतो, मापात बसत नाही, तो टाकून देतात. मला तेवढाच पाहिजे होता. बाबांसाठी जे काही मिळणार ते वरच, त्या शेवटच्या बांबूपाशी, आणि त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी आम्ही खाली उतरणार होतो.

आम्ही अर्ध्यावर होतो आणि धुकं आलं.

ते वरून आलं नाही, की खालूनही. आधी समोरचा डोंगर पातळ झाला. मग भाईजींच्या पाठीवरचं ओझं दिसेना, मग भाईजी दिसेनात, नुसता दोर पांढऱ्यात गेलेला. दोर सैल पडला आणि भाईजी त्याच्या मागोमाग परत आले.

"बैठो," ते म्हणाले. "अब रास्ता भी बैठा है."

आम्ही पाठीवरची ओझी बर्फावर ठेवली आणि त्यांच्यावर बसलो. मॅडम घड्याळ बघत होत्या. उशीर झाला तर वरचा बांबू सोडून परतावं लागणार, हे तिघांनाही माहीत होतं. मी पिशवीतून भुशाचं गाठोडं बाहेर काढलं आणि मांडीवर धरलं, कारण त्यावर हात ठेवला की ऊब वाटत होती.

भाईजींनी विचारलं, "आटा है?"

"भुसा है. बर्फ लपेटने के लिए."

त्यांनी गाठोडं बोटाने दाबून बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "बर्फ के घर में बर्फ के लिए स्वेटर लाई है." आणि मॅडम, इतका वेळ घड्याळ बघत बसलेल्या मॅडम, तोंडावर हातमोजा धरून हसल्या.

धुकं इतकं जवळ आलं की माझे गुडघेही मला पुसट दिसत होते. थेंब थांबले, ओहोळ बारीक झाले. आणि तेव्हा मला ती ऐकू आली. घरघर. फार खोलून, पायाखालून, बुटांच्या तळव्यांतून वर येणारी. मला माहीत होतं की कुठेतरी ओहोळ बर्फातल्या भोकात उतरत असणार आणि आत, हिमनदीच्या पोटात, पाणी पडत असणार. पण माझ्या अंगाने ते मानलं नाही. माझ्या अंगाने म्हटलं, मशीन चालू आहे. लाइट आली आहे. झोप.

मी झोपले की नाही ते सांगता येणार नाही. फळ्या उचलल्या होत्या. समोर सगळा हौदच होता, दुसरं टोक न दिसणारा, आणि त्यात कमरेपर्यंत बुडालेले बाबा चालत येत होते. गमबूट, खाकी हाफ पँट, आकडा. आकड्याला लादी. पण ती लादी इतकी लांब की तिचं मागचं टोक धुक्यातच होतं. ते माझ्यापर्यंत आले, थांबले, आणि परक्या गिऱ्हाईकाला विचारावं तसं मला म्हणाले, "कुठं पोचवाची?" मला पत्ता आठवेना. नांदुरा म्हणावं तर तोंडून शब्द फुटेना, कारण माझी मूठ बंद होती आणि बोललं की खेळातून जायचं असतं. बाबा वाट बघत उभे. त्यांना घाई नव्हती. लादीतून पाणी ठिबकत होतं.

"ऊठ," मॅडम माझा खांदा हलवत होत्या. "उघडलंय."

धुकं वरून फाटलं होतं. ऊन एका बाजूने आत येत होतं आणि सगळा बर्फ असा दिसत होता की जणू आत कोणी दिवा लावलाय. दिवस बराच कलला होता. मॅडमनी भाईजींकडे बघितलं. भाईजींनी आभाळाकडे बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे. "चलो," ते म्हणाले, "स्वेटर पहना के आते हैं."

वरचा बांबू जागेवर नव्हता. जीपीएसचं यंत्र सांगत होतं की इथेच आहे, आणि इथे नुसता बर्फ. आम्ही गोल गोल फिरलो. शेवटी तो मलाच दिसला. एका ओहोळाच्या काठाला आडवा पडलेला, पूर्ण, खालच्या टोकापर्यंत. कोणी उपटला नव्हता. त्याला धरून ठेवणारा बर्फच संपला होता. जेवढा खोल गाडला होता तेवढा सगळा बर्फ गेला आणि मग तो आपला हळूच आडवा झाला.

मॅडम त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या. त्यांनी तो उचलला नाही, नुसता हात ठेवला. "किती गेला ते आता कळणार नाही," त्या म्हणाल्या. "निदान एवढा तरी गेला, इतकंच लिही." मी लिहिलं. मग त्या बोलायला लागल्या, मला की बर्फाला, कोण जाणे. "मी पहिल्यांदा आले तेव्हा तुझ्याएवढी होते. इथे उभं राहिलं की तो समोरचा काळा खडक दिसायचा नाही. बर्फ इतका उंच होता."

मी त्या खडकाकडे बघितलं. तो बराच वर होता.

मला त्या क्षणी बाबांचं वाक्य आठवलं आणि ते इथे बसेना. हा बर्फ पोचवायचा माल नव्हता. हा ठेवायचा होता. आणि तोच निघाला होता, आम्हाला न विचारता, रोज, ओहोळाओहोळाने.

भाईजींनी वाफेचं यंत्र पेटवलं. त्याच्या नळीतून निघालेली वाफ बर्फात शिरत गेली, कुकरच्या शिटीसारखी फुसफुसत, आणि आम्ही नवा बांबू जोडून आधीपेक्षा खोल गाडला. मग गिरमिट. मी आणि भाईजी समोरासमोर, मूठ धरून फिरवतोय, उसाच्या चरकासारखं. कांडी बाहेर आली ती उसासारखीच, लांब, निळसर. मॅडमनी मापं घेतली, तुकडे पिशव्यांत घातले. सगळ्यात खालचा तुकडा तिरपा तुटला होता.

"हा सोडून दे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, हा मी नेऊ?"

"कुठे?"

"नांदुऱ्याला. बाबांना दाखवायला."

बाबा काय काम करतात ते त्यांना माहीत होतं. त्यांनी हातातल्या पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाल्या, "माझ्या पेटीत भुसा चालणार नाही. एक कण गेला तरी सगळे नमुने वाया. तुझी तू सोय कर." हातमोजे चढवता चढवता त्यांनी आणखी एक सांगितलं. "आणि त्यांना सांग, यातली हवा फार जुनी आहे. किती ते मलाही नक्की सांगता येणार नाही. त्यांच्या आजोबांच्या आजोबांच्या वेळची असेल, कदाचित त्याही आधीची."

मी हातमोजा काढला. तुकडा मुठीत घेतला, एक क्षणभर. हात जळाला. मी बोलले नाही.

*

पुढचा प्रवास म्हणजे माझी आणि त्या तुकड्याची शर्यत. स्टीलच्या डब्यात तुकडा, डब्याभोवती भुसा, भुशाभोवती बारदाना, आणि हे सगळं थर्माकोलच्या पेटीत. रस्त्याला लागेपर्यंत थंडीच होती. दिल्लीत संस्थेच्या फ्रीझरमध्ये त्याला जागा मिळाली, मॅडमनीच शब्द टाकला. खरी परीक्षा रेल्वेत. दिल्लीहून निघताना मी डब्याभोवती बाजारातला बर्फ रचला, पण आग्र्याच्या पुढे पेटीच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं.

समोरच्या बाकावर मलकापूरचे एक काका होते. त्यांनी पाय वर घेतले. "मासे हायेत काय?"

"नाही काका. बर्फ आहे."

"अन् बर्फात काय हाय?"

"बर्फ."

त्यांनी विचार केला. "उतरसान कुठी?"

"नांदुरा."

"नांदुऱ्यात बर्फाची फॅक्टरी हाय ना बाई," ते मला समजावून सांगायला लागले, "भल्ला बर्फ भेटते तिथी."

"माहीत आहे," मी म्हणाले.

पण त्याच काकांनी इटारसीला खाली उतरून, थंड पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याशी हुज्जत घालून, त्याच्या टपातला बर्फ माझ्यासाठी आणला. खांडव्याला पुन्हा. कोणत्या तरी कारखान्यात कोणीतरी धुक्यात उभं राहून काढलेली लादी, फोडलेली, भुशाने मळलेली. त्या बर्फाने माझा बर्फ सांभाळला. मी रात्रभर पेटीवर हात ठेवून बसले होते आणि मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या माणसांचे आभार मानत होते. भुसावळला गाडी बदलली. मलकापूरला काका उतरले, जाताना पेटीवर टकटक करून गेले.

नांदुऱ्यात ऊन होतं. भादव्याच्या शेवटचं, अंगाला चिकटणारं. बाबा आणि चाचा कारखान्याच्या पायरीवर डबे खात होते. मी घरी न जाता सरळ तिथे गेले आणि पेटी त्यांच्यापुढे ठेवली. चाचांनी एकदम डबा बाजूला सारला. बाबांना काही कळेना.

भुसा सगळा भिजला होता. स्टीलचा डबा उघडला. आत पाणी, आणि पाण्यात लिंबाएवढा राहिलेला तुकडा.

"हा तिथला," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं होतं."

बाबांनी हात पँटला पुसले. तुकडा तळव्यावर घेतला. त्यांच्या बोटांना गार समजत नाही, एवढ्या वर्षांच्या खाऱ्या पाण्याने ती बोटं कधीच निबर झाली आहेत. त्यांनी तो गालाला लावला. मग उन्हात धरून, एक डोळा मिटून, आरपार बघितला.

"कच्चा आहे," ते म्हणाले.

"काय?"

"हवा राह्यली आत. हे पाह्य, बुडबुडे. आपण डब्यात हवेची नळी सोडतो का नाही, पाणी हालतं ठेवाले? तवा लादी काचेवाणी निघते. याले कोणी नळीच नाही लावली."

"माल वापस कर," चाचा म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हणाले, "बाबा, ती हवाच मोजतात तिथे. बर्फ पडला तेव्हाची हवा आहे ती. आपल्या गावात रेल्वे नव्हती तेव्हाचीही असेल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग चाचांना म्हणाले, "पाणी दे." चाचांनी माठातून पेला भरून आणला. बाबांनी तुकडा पेल्यात सोडला.

आणि तो बोलायला लागला. बारीक, तडतड, मोहरी फुटल्यासारखी, पण त्याहून हळू. कोंडलेली हवा सुटत होती, एकेक बुडबुडा. बाबांनी पेला कानाशी नेला. मी बघत होते. कारखान्याची घरघर चालू होती, गल्लीतून कोणी सायकल नेत होतं, आणि बाबा डोळे मिटून पेला कानाला लावून बसले होते, ते अजिबात हलले नाहीत. चाचांनी हात पुढे केला, "मेरे को भी सुना," तर त्यांनी दुसरा हात वर करून त्यांना थांबवलं. कोणी बोललं नाही. मला वाटलं, पुन्हा तोच खेळ चालू आहे, मुठीचा, आणि या वेळी बाबा जिंकणार.

आवाज संपला तरी थोडा वेळ पेला तिथेच होता. मग त्यांनी अर्धं पाणी पिऊन अर्धं चाचांना दिलं.

"पोचला," ते म्हणाले.

हे ते हातगाडीवाल्याला विचारायचे तसं नव्हतं. विचारलंच नव्हतं त्यांनी, सांगितलं होतं.

मी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. धुकं, भाईजी, काळी माती, आणि तो आडवा पडलेला बांबू. ते ऐकत राहिले, मध्ये मध्ये भाकरी मोडत. मॅडमचा तो काळा खडक सांगितला तेव्हा त्यांनी जेवणं थांबवलं. आतून कोणी हाक मारली, गिऱ्हाईक आलं होतं. बाबा उठले, गमबूट चढवले. फळ्या उचलायला आत गेले, कमरेपर्यंत धुक्यात शिरले, आणि तिथून वळून त्यांनी विचारलं,

"तो बांबू. पुन्हा गाडला ना वं?"

"गाडला, बाबा. आधीपेक्षा खोल."

"हाव," ते म्हणाले. "पुढच्या साली पाहून सांगजो." आणि चाचांना म्हणाले, "पकड."